उभी रेघ, आडवी रेघ

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. सचिव,
महाराष्ट्रातल्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था



तुमची-माझी ओळख जुनी आहे. ३१ मार्चला वर्ष संपलं की तुमच्यापैकी काही जणांच्या कार्यालयातलं पत्र्याचं कपाट मी उघडते. सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्तं, सिंकिंग फंडाच्या ठेवपावत्या, लिफ्टच्या देखभालीची बिलं, टँकरच्या चिठ्ठ्या असं एकेक टेबलावर येतं. तुम्ही चहा मागवता आणि मी हिरव्या पेनने खुणा करत बसते. पेशाने मी प्रमाणित लेखापरीक्षक. पुण्यातल्या गृहनिर्माण संस्था आणि पतसंस्था तपासण्यात तीसेक वर्षं गेली. अशा रुक्ष कामात कशी आलीस, असं कुणी विचारलं की मी सांगते, आमच्याकडे भांडी घासायला यायच्या त्या बाईंमुळे. लोक हसतात. त्यांना वाटतं, मी विनयाने बोलते आहे. मी हिशेबाने बोलत असते. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडते, कारण त्यातली एक बाकी तुमच्या गेटवर थकलेली आहे.

बाईंचं नाव मी लिहीत नाही. त्यांची नातवंडं याच शहरात नोकऱ्या करतात. आजीचं नाव कुठल्या कामासाठी छापून यावं, हे त्यांनी ठरवायचं. आमच्या घरी तर त्यांना नावाने कुणी हाक मारलीच नाही. आजी, आई, आम्ही भावंडं, सगळेच ‘अगं बाई’ म्हणायचो. सात वर्षांचं पोरसुद्धा. या पत्रात मी ‘त्या’ लिहिते आहे, ते मला फार उशिरा सुचलेलं आहे.

बाई मूळच्या करमाळ्याकडच्या. १९७२ च्या दुष्काळात घरची दोन जनावरं गेली, विहीर तळाला लागली, तेव्हा नवरा-बायको दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. तिथली सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरी यांच्याबद्दल त्या कधीमधी बोलायच्या. त्याहून जास्त वेळा बोलायच्या ते मस्टरबद्दल. हजेरी मांडणारा एक, अंगठे उठवणाऱ्या शंभर. एका आठवड्यात त्यांचे तीन दिवस मस्टरवर चढलेच नाहीत. त्यांनी विचारलं, तर हजेरी मांडणाऱ्याने वही पुढे केली आणि म्हणाला, दाखव कुठं लिहिलंय. त्यांना वाचता येत नव्हतं. तीन दिवस फोडलेली खडी रस्त्यावर पडली होती, पण रस्ता काही साक्ष देत नाही.

पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. नवरा बांधकामावर लागला, बाईंनी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून आमच्या पेठेतली चार घरं धरली. भांडी, धुणं, केरवारा. चहाचा त्यांचा कप वेगळा होता, कान तुटलेला, मोरीच्या खिडकीत पालथा घातलेला. ‘आमच्या बाई अगदी घरच्यासारख्या,’ असं आई अभिमानाने सांगायची, आणि तो कप खिडकीतच असायचा. हे लपवून पत्र पुढे नेलं, तर माझ्या धंद्याला बट्टा लागेल.

आता एक सकाळ सांगते. १९७८, जूनची पहिली तारीख. मी सहावीत चालले होते. आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे कॅलेंडर असायचं. दुधाचा रतीब, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, कुणाची तिथी आणि बाईंचे खाडे, सगळं त्याच चौकटींमध्ये. खाड्याला आई पेन्सिलीने फुली मारायची. मे महिन्यात आम्ही साताऱ्याला आजोळी सहा दिवस गेलो होतो. परत आल्यावर आईने त्या सहा चौकटींवर फुल्या मारल्या. बाईंचे स्वतःचे दोन खाडे होते, ते धरून आठ. पगार महिन्याला तीस रुपये. दिवसाला रुपया, त्रैराशिकसुद्धा लागत नव्हतं. आईने मला हिशेब करायला सांगितला आणि मी वर्गात उत्तर द्यावं तशी उभी राहून म्हणाले, “बावीस.”

बाई लुगड्याला हात पुसत होत्या. म्हणाल्या, “अठ्ठावीस.”

आई म्हणाली, “अगं, आम्ही सहा दिवस गावाला होतो. कामच नव्हतं.”

“काम नव्हतं, वैनी. मी व्हते. रोज आलते. कुलूप व्हतं.”

आई काही बोलली नाही. मला मात्र माझं गणित चुकलं असं कुणी म्हटलेलं सोसेना. मी कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं आणि फुल्या मोजून दाखवल्या. बाईंनी माझं मनगट धरलं, मोरीत नेलं आणि दार लोटून घेतलं. दाराआड चुन्याची भिंत होती. तिच्यावर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, कोळशाच्या रेघा होत्या. इतकी वर्षं मी तिथे आंघोळ करत होते. ते डाग आहेत असंच मला वाटत आलं होतं. दोन रेघा उभ्या, त्यांच्या शेजारी सहा आडव्या, नीट ओळीत.

“ही उभी माझी,” त्या म्हणाल्या. “पोरीला ताप आल्ता, त्ये दोन दिस. ही आडवी तुमची. खाडा तुमी क्येला. त्यो माझ्या पगारातनं का?”

मी भिंतीकडे पाहिलं, हातातल्या कॅलेंडरकडे पाहिलं. माझं गणित बरोबर होतं. आठ फुल्या होत्या, तिसातून आठ गेले की बावीसच उरतात. चूक मोजण्यात नव्हतीच. आमच्या कॅलेंडरमध्ये खूणच एक होती. बाई आल्या नाहीत की फुली, आणि आम्ही नव्हतो तरी फुली. आमच्या खाड्याला आमच्या कॅलेंडरात जागा नव्हती, म्हणून तो बाईंच्या नावावर चढला होता. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईंनी हे ओळखून खुणा दोन केल्या होत्या. मस्टरने बुडवलेल्या तीन दिवसांतून आलेलं ते शहाणपण होतं.

आईने त्या दिवशी बावीसच दिले. तिलाही वर एक हिशेब द्यावा लागायचा. वडील रोज रात्री डायरीत खर्च लिहायचे, आणि ठरलेल्या रकमेत चार आण्यांचा फरक आला तरी तिला कारण सांगावं लागायचं. तिसऱ्या दिवशी तुरडाळीच्या डब्यातून सहा रुपये काढून तिने बाईंच्या हातावर ठेवले. दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही. जुलैच्या कॅलेंडरवर मात्र मी पहिल्यांदा पेन्सिलीची आडवी रेघ पाहिली. तेव्हापासून बाईंनी काम सोडेपर्यंत आमच्या घरी दोन खुणा होत्या. दिवाळीआधी रंगसफेदी झाली की बाईंची पाटी कोरी व्हायची आणि त्या बंबातला कोळसा घेऊन नव्याने सुरुवात करायच्या.

दुसरी गोष्ट भांड्यांची. मोरीत भांडी ओढून घेताना बाई मोठ्याने मोजायच्या. “येक, दोन, तीन…” घासून, विसळून पालथी घालताना पुन्हा मोजायच्या. सतरा आत, सतरा बाहेर. आम्हा मुलांना ते गाण्यासारखं वाटायचं, आम्ही त्यांच्या सुरात सूर मिसळायचो. आळीतल्या एका घरी चांदीची वाटी सापडेना आणि तिथल्या बाईला चोरीचा आळ घेऊन काढलं, तेव्हा त्या मोजणीचा अर्थ मला कळला. वाटी पुढे देवघरातच सापडली. काढलेल्या बाईला कुणी परत बोलावलं नाही. आमच्या बाई मोठ्याने मोजायच्या ते आम्हाला ऐकू यावं म्हणून. आम्ही सुरात सूर मिसळत होतो तेव्हा नकळत त्यांचे साक्षीदार होत होतो.

१९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. त्यातून पुढे पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, महिन्याला हक्काच्या सुट्ट्या, दिवाळीचा बोनस अशा मागण्या होत्या. आज ज्या दिवाळी बोनसबद्दल तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑक्टोबरात चर्चा होते, तो कुणाच्या दयेतून आलेला नाही. तो या बायांनी रस्त्यावर उतरून मागितलेला आहे. आमच्या घरात त्या दिवसांत आजीचा पारा चढलेला, आई मोरीत आणि मी पाणी ओतायला. कॅलेंडरवर काय खूण करायची, हा प्रश्न आईला पडला. उभी की आडवी? तिने चौकट रिकामी ठेवली. बाई परत आल्यावर मी दाराआड जाऊन पाहिलं. त्यांनी उभ्या रेघेवर आडवी रेघ मारली होती. मी विचारलं, ही कुणाची? म्हणाल्या, “ही समद्या बायांची. येकटीची न्हाई.”

मी पुढे कॉमर्स केलं, लेखापरीक्षणाची परीक्षा दिली. पुस्तकांनी मला कलमं, नमुने आणि पद्धती शिकवल्या. समोर ठेवलेली वही कितीही नीटस असली, तरी ती एकाच हाताने लिहिलेली आहे, हे मला आधीच ठाऊक होतं. धंद्यातल्या सुरुवातीच्या वर्षांत एका पतसंस्थेची तपासणी होती. रोजच्या पिग्मी ठेवींची खतावणी इतकी सुंदर होती की खाडाखोड औषधाला नाही. माझ्या वरिष्ठांनी सही करायची तयारी केली. मी म्हटलं, एक दिवस द्या. आणि खतावणीची नक्कल घेऊन मी मंडईत गेले. भाजीवाल्या बायकांना त्यांची पासबुकं काढायला लावली. कुणाच्या कमरेच्या पिशवीतून, कुणाच्या तराजूखालून ती मळकी पुस्तकं बाहेर आली. पंधराव्या पासबुकापाशी फरक सापडला, मग सापडतच गेला. बायकांनी दिलेले पैसे पासबुकात होते, खतावणीत नव्हते. वरिष्ठांनी विचारलं, तुला संशय कशाने आला? मी काय सांगणार? मला संशय आला नव्हता. दाराआडची भिंत पाहून यायची मला सवय होती, एवढंच.

इथे आणखी एक नोंद करायला हवी. बाईंची मोठी मुलगी माझ्याच वयाची. मला त्या भिंतीने पेशा दिला. त्या मुलीची शाळा चौथीत सुटली, कारण बाई आमच्या घरी असायच्या तेव्हा धाकट्यांना सांभाळायला घरी कुणीतरी लागायचं. मी बावीस-अठ्ठावीसचा धडा घेत होते, तेव्हा ती वस्तीतल्या नळावर रांगेत होती. कुणाचाही प्रभाव आपल्यावर पडला असं आपण कृतज्ञतेने सांगतो, तेव्हा तो कुणाच्या खर्चाने पडला तेही सांगायला हवं.

बाईंनी २००० च्या सुमाराला काम सोडलं. गुडघे गेले होते, बोटांच्या पेरांना कायमच्या चिरा होत्या. पंचवीस-सव्वीस वर्षांचं काम, पण निवृत्ती नाही, फंड नाही, कागद नाही. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणीसाठी वयाची अट १८ ते ६०. मंडळाचं काम सुरू होऊन नोंदणीची चर्चा आमच्यापर्यंत पोचली तोवर बाईंची साठी उलटली होती. पुढे ५५ वर्षं पूर्ण केलेल्या नोंदीत कामगारांना १०,००० रुपये सन्मानधन देण्याची योजना आली, तीही अर्थात नोंदीत कामगारांसाठी. बाईंनी स्वतः ठेवलेली त्यांच्या कामाची एकमेव नोंद चुन्याच्या भिंतीवर होती, आणि आम्ही राहायचो तो वाडा तोवर पाडला गेला होता. त्या जागेवर आता सहा मजली इमारत आहे. तिचीही सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. बाई २०१४ साली गेल्या.

अध्यक्ष महाशय, सचिव महाशय, आता तुमच्या गेटवर येते.

माझ्या लहानपणी आमच्या बाजूला बाईंच्या हजेरीची एकच वही होती, आईचं कॅलेंडर. आज तुमच्याकडे काय नाही? वॉचमनच्या टेबलावर रजिस्टर आहे. कॅमेरा आहे. अनेक संस्थांमध्ये मोबाइलवरचं ॲप आहे. ताई गेटवर आल्या की फ्लॅटधारकाच्या फोनवर टिंग वाजतं. किती वाजून किती मिनिटांनी आल्या, कितीला गेल्या, महिन्यात किती दिवस आल्या, सगळं हिरव्या-लाल ठिपक्यांनी दिसतं. काही ठिकाणी तर त्यांना तारेही देता येतात, हॉटेलातल्या जेवणाला देतात तसे. आमच्या संस्थेत हे ॲप आलं, तेव्हा मी सवयीने दोन गोष्टी तपासल्या.

पहिली, ही नोंद ताईंना दिसते का? दिसत नाही. त्यांच्या हजेरीचा मिनिटामिनिटाचा हिशेब फ्लॅटधारकाकडे, संस्थेकडे आणि ॲपवाल्या कंपनीकडे आहे. फक्त ज्यांचा तो आहे, त्यांच्याकडे नाही.

दुसरी, आम्ही आठ दिवस बाहेरगावी गेलो आणि ताईंना ‘येऊ नका’ म्हणून सांगितलं, तर ॲप काय लिहितं? लाल ठिपका. गैरहजर. म्हणजे १९७८ च्या मे महिन्यात आईच्या पेन्सिलीने केलेली चूक आज लाखो रुपयांची यंत्रणा रोज करते आहे, आणि तिच्यापुढे कोळशाची भिंत नाही.

याचा मोठा नमुना आपण सगळ्यांनी पाहिला आहे. २०२० च्या मार्चअखेरीला टाळेबंदी लागली आणि पुढचे कित्येक महिने संस्थांची गेटं घरकामगारांना बंद होती. ती तुम्ही बंद केली होती. साथीच्या भीतीने केलीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते सगळे दिवस कुणाच्या खाड्यात गेले? बऱ्याच घरांनी पगार दिले, हेही मला माहीत आहे. बऱ्याच घरांनी ‘आल्याच नाहीत तर कसले पैसे’ म्हणून हात वर केले. याच मंडळींना त्यांच्या कंपन्या घरी बसवून पगार देत होत्या. त्या आडव्या रेघा होत्या, अध्यक्ष महाशय. आपण त्या उभ्या म्हणून वाचल्या. दुसऱ्या वर्षी, २०२१ च्या एप्रिलमध्ये, राज्य सरकारने घरेलू कामगारांना १,५०० रुपयांची मदत जाहीर केली, तीसुद्धा नोंदणी असलेल्यांनाच.

तुमचं उत्तर मला पाठ आहे, कारण एका सर्वसाधारण सभेत मी ते ऐकलं आहे. संस्था काही त्यांना कामावर ठेवत नाही. प्रत्येक सभासद आपापलं ठरवतो. संस्थेचा संबंध काय?

संबंध असा. तुम्ही त्यांना पगार देत नाही, पण त्यांचा फोटो घेता, आधार कार्डाची प्रत घेता, ओळखपत्र देता, ते विसरलं तर आत सोडत नाही, जाताना पिशवी उघडून पाहता, आणि काही इमारतींमध्ये कुठल्या लिफ्टने जायचं तेही ठरवता. त्यांच्या येण्याजाण्याची वही तुम्ही स्वतःहून आपल्या हातात घेतली आहे. लेखापरीक्षणातला साधा नियम आहे. ज्याच्या ताब्यात वही, त्याच्यावर तिच्या खरेपणाची जबाबदारी. वही ठेवायची पण जबाबदारी नको, हे कुठल्याच संस्थेला चालत नाही. तुम्हालाही चालू नये.

दुसरं उत्तरही येतं: त्या न सांगता खाडे करतात, त्याचं काय? करतात. बाईंच्या भिंतीवरही दोन उभ्या रेघा होत्या, आणि त्या त्यांनी स्वतःच्या हाताने ओढल्या होत्या. ज्याला आपली नोंद स्वतः ठेवता येते, तो खोटं बोलण्याची शक्यता कमी असते. दोन्ही बाजूंची वही तुमचंही रक्षण करते. चांदीची वाटी हरवते त्या दिवशी तर फारच.

कायदा येईल, तोवर थांबू, असंही म्हणता येईल. कर्नाटकाने २००४ साली घरकामाला किमान वेतनाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे कल्याण मंडळ आहे, पण कामाचा दर अजून दारात उभ्या उभ्या दोघींच्या बोलण्यातच ठरतो. १६ जून २०११ रोजी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. कामाच्या अटी समजतील अशा भाषेत, शक्यतो लेखी सांगाव्यात आणि आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती मिळावी, असं त्यात आहे. भारताने त्या कराराला अद्याप औपचारिक मान्यता दिलेली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, घरकामगारांसाठी कायद्याची चौकट करता येईल का हे पाहायला तज्ज्ञांची समिती नेमा, असे निर्देश केंद्र सरकारला दिले. हे सगळं दिल्ली-जिनिव्हाच्या गतीने चालेल. तुमचं गेट मात्र तुमच्या ताब्यात आहे.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत, आणि तिन्हींना मिळून संस्थेच्या खात्यातून जेमतेम कागदाचा खर्च येईल.

एक. गेटवरच्या हजेरीची महिन्याची प्रत ज्यांची ती हजेरी आहे त्यांना द्या. फोनवर संदेश म्हणून द्या किंवा छापून द्या, पण त्यांना वाचता येईल अशा भाषेत द्या. वाचता येत नसेल तर वॉचमनने वाचून दाखवावी.

दोन. त्या नोंदीत खुणा दोन ठेवा. त्या आल्या नाहीत तो दिवस वेगळा आणि घराला कुलूप होतं तो दिवस वेगळा. ॲपवाल्यांना सांगा, एक रकाना वाढवा. सिंकिंग फंडाच्या व्याजासाठी तुम्ही बँकेशी जितका पत्रव्यवहार करता, त्याच्या निम्म्याने हे काम होईल.

तीन. कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी, आपण कुठे काम करतो हे दाखवणारा, मालकाच्या सहीचा कागद जोडावा लागतो तेव्हा सभासद सही द्यायला कचरतात, कारण उद्या काही अंगाशी येईल अशी भीती वाटते. एका रविवारी कार्यालय उघडा, सभासदांना समजावून सांगा, सह्या घ्या, अर्ज भरून द्या. पासष्टाव्या वर्षी कुणाला ‘तुमची नोंद नाही’ असं ऐकावं लागू नये, एवढ्यासाठी तुमची एक सकाळ जाईल.

३० सप्टेंबरच्या आत तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायची आहे. विषयपत्रिकेत पार्किंगच्या आधी हा विषय घाला. पार्किंगच्या नंतर घातलात तर त्याच्यापर्यंत कुणी बसलेलं नसेल, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

ही बाब लेखापरीक्षणाच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे तुमच्या पुढच्या तपासणी अहवालात हे कुठेच दिसणार नाही, म्हणून हे पत्र. कपाटातल्या वह्या तपासून झाल्या की यापुढे मी गेटवरची वहीही उघडीन आणि चहा पिता पिता विचारीन, यातली आडवी रेघ कुठे आहे?

माझ्या घरी ज्या ताई येतात, त्या दहावी शिकलेल्या आहेत. महिन्याच्या दोन सुट्ट्या पगारी ठरल्या आहेत. एक तक्ता माझ्या फ्रिजवर असतो, एक त्यांच्या पर्समध्ये, आणि एक तारखेला आम्ही दोन्ही तक्ते टेबलावर शेजारी ठेवतो. गेल्या महिन्यात त्यांच्या उभ्या रेघा दोन होत्या, माझ्या आडव्या पाच. पगार पूर्ण दिला.



आपली,
एक लेखापरीक्षक, पुणे